ताईच्या नावाचा निधी: बक्षीस नको, पोरांच्या संशोधनाला खर्च द्यायचा आहे. कसा द्यावा?

मुळाकाठ | ६ एप्रिल, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतो आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझी थोरली बहीण जानेवारीत गेली. पुण्यातल्या एका कॉलेजात तिने ३१ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. तिच्या ठेवी आणि आम्हा भावंडांची थोडी भर मिळून १२ लाख रुपये बाजूला काढलेत. तिच्या नावाने, तिला आवडलं असतं असं काही व्हावं एवढीच इच्छा.

कॉलेजात चौकशीला गेलो. त्यांनी आपुलकीने बसवलं, चहा दिला आणि स्मृती-पारितोषिकांचा छापील फॉर्म पुढे केला. 'अमुक विषयात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यास कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.' आधीच्या पारितोषिकांची यादी भिंतीवर होती. काही ठेवी फार जुन्या, तेव्हाच्या हजार रुपयांच्या. हजार रुपये तेव्हा केवढे मोठे असतील. आज त्यांचं वर्षाचं व्याज सत्तर रुपयांच्या आसपास. मी स्वतः बँकेत ३४ वर्षं काढली, त्यामुळे हे गणित मला तिथेच उभ्या उभ्या दिसलं आणि पोटात तुटलं. ज्यांनी ते पैसे दिले त्यांनी पोटाला चिमटा काढूनच दिले असणार.

घरी येऊन ताईचं कपाट लावायला घेतलं. सगळ्यात खालच्या खणात वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबलेल्या वनस्पती होत्या, आणि एक लाल बांधणीची छोटी वही. पाठ असल्यासारखं सांगू शकतो इतक्या वेळा ती वाचली आहे. 'एस.टी. भोर, ४ मुलं, जाऊन येऊन.' 'स्पिरिट, २ बाटल्या.' 'भिंग, १, हरवलं त्याच्या बदली.' 'वडापाव ६.' 'टॉर्चचे सेल.' 'ओएचपी शीट, १०.' असं पानामागून पान, १९९१ पासूनचं. हा सगळा खर्च तिच्या पगारातला. आम्हाला घरी कोणालाही माहीत नव्हतं.

वही मिटली तेव्हा एक गोष्ट नक्की झाली. पहिल्या आलेल्याला पाकीट द्यायचं नाही. ज्या पोराला, पोरीला एखादा प्रश्न पडलाय आणि तो धसास लावायला चार पैसे कमी पडताहेत, त्याला ते द्यायचे. बी.एस्सी.च्याच मुलांना, पीएच.डी.वाल्यांना नाही. वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव, काहीही चालेल.

पण कसं, कोणामार्फत, किती आणि कशासाठी, हे मला कळत नाही. तुमच्यात शिक्षक आहेत, संशोधक आहेत, सीए आहेत. मोकळेपणाने सांगा.

---

सूक्ष्मजीव | ६ एप्रिल, रात्री ११:०५

काका, आधी तुमच्या ताईंना नमस्कार. ती वही जपून ठेवा.

मी एका कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते, चौदावं वर्ष आहे. सगळे पैसे फेलोशिप म्हणून मुलांच्या हातात देऊ नका, हे पहिलं सांगेन. आमच्याकडे मुलांचं काम अडतं ते फार बारक्या गोष्टींपाशी. अगारची (जिवाणू वाढवायच्या जेलीची) बाटली संपली आणि नवी खरेदी तीन कोटेशनांत अडकली. पेट्री प्लेट फुटल्या. सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचून घ्यायला, चार नमुने पाठवायचेत आणि कॉलेजच्या हिशेबात त्या खर्चाचं 'हेड'च (शीर्षकच) नाही. गेल्या वर्षी एका मुलीने मुठेच्या पाण्यातून फेज शोधायचं ठरवलं होतं. फेज म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू. नदीचं पाणी गाळायचं, ई. कोलायच्या थरावर टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी प्लेटवर स्वच्छ ठिपके दिसतात का ते बघायचं. तिला ते दिसले! पहाटे सहाला मला फोटो पाठवला होता, दुधी काचेवर पावसाचे थेंब पडावेत तसे ठिपके. पुढच्या पायरीला ०.२२ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर लागतात. ते संपले, आणि नवे येईपर्यंत सत्र संपलं.

त्या मुलीला बक्षीस नको होतं. पंचवीस फिल्टर हवे होते.

तेव्हा तुमच्या निधीत एक भाग असा ठेवा की शिक्षकाने मेल केला की आठवड्यात पैसे मिळतील. पावती नंतर.

---

टेकडीवरचा | ७ एप्रिल, सकाळी ७:१५

माझं मत थोडं वेगळं आहे. १२ लाखांचं व्याज वर्षानुवर्षं वाटत बसण्यापेक्षा एकदाच चांगला कॅमेऱ्याचा मायक्रोस्कोप घेऊन द्यावा, त्यावर ताईंच्या नावाची पाटी लावावी. वीस वर्षं मुलं वापरतील. वाटपात समित्या आल्या, समित्या आल्या की वाद आले.

---

सूक्ष्मजीव | ७ एप्रिल, सकाळी ९:४०

टेकडीवरचा, तुमची भावना कळते. पण आमच्याच विभागात एक फार चांगला मायक्रोस्कोप कुलपात आहे. बिघडला तर दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून मुलांच्या हाती देत नाहीत. उपकरण आलं की त्याची देखभाल, यूपीएस, तो हाताळणारा माणूस, हे सगळं मागोमाग येतं. आणि पुण्यात मोठी उपकरणं नाहीत असं कुठे आहे? पाषाणला एनसीएल ही रासायनिक प्रयोगशाळा आहे, आयसर ही विज्ञानसंस्था आहे, विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञानाची एनसीसीएस आहे, आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. तिथल्या लोकांना नीट पत्र लिहिलं तर बरेच जण एखाद्या दिवसासाठी मुलांना बसू देतात. तिथपर्यंत पोचण्याजोगं काम मुलाच्या हातात असायला हवं. खरा खर्च त्याच्या आधीचा आहे.

---

बालाघाट | ७ एप्रिल, रात्री १०:३०

काका, मी आत्ताच बी.एस्सी. झूलॉजी संपवली. गाव बीड जिल्ह्यात, शिकायला पुण्यात. माझं सांगतो, कारण असं सांगणारा कोणी समितीवर नसतो.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एका सरांनी विचारलं होतं, दोन महिने कोळ्यांवर काम करशील का. मला कोळी लहानपणापासून आवडतात. आमच्या विहिरीत सिग्नेचर स्पायडरची जाळी असायची, मधोमध पांढरी नक्षी काढलेली. ती नक्षी कशासाठी, यावर आजही शास्त्रज्ञांचं एकमत नाही हे सरांकडून कळलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती. पण मे महिन्यात पुण्यात राहायचं म्हणजे खोलीचं भाडं आणि मेस. घरचे म्हणाले, गावी ये नाहीतर काम धर. मी कात्रजला एका दुकानात काम धरलं. सर अजूनही भेटले की विचारतात.

केंद्र सरकारची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजार आहे, त्यातले २० हजार संशोधनासाठीच असतात. फार चांगली योजना आहे. पण ती मिळायला बारावीला बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात यावं लागतं, किंवा जेईई-नीटची मोठी रँक लागते. मला बारावीला ६८ टक्के. आता चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' आहे, त्यालाही पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. म्हणजे ज्याला मार्क आहेत त्याला सगळ्या दारांतून आत घेतात, आणि ६५वाल्याला प्रश्न पडूच शकत नाही असं धरून चालतात.

कृपा करून तुमच्या अर्जावर टक्क्यांचा रकाना ठेवू नका. एवढंच मागणं आहे.

---

मुळाकाठ | ७ एप्रिल, रात्री ११:५०

बालाघाट, बाळा, रकाना ठेवणार नाही. शब्द देतो.

ताई म्हणायची, "मार्कवाली मुलं माझ्याशिवायही पुढे जातील." त्याचा अर्थ मला आज लागला.

---

हिशेबनीस | ८ एप्रिल, दुपारी १:१०

व्यवसायाने सीए. काही गोष्टी आधीच सांगतो म्हणजे नंतर मनस्ताप नको.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, स्वतःचा न्यास काढायचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, शिवाय न्यासाला करमाफी आणि देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून आयकरात, लोक ज्यांना १२एबी आणि ८०जी म्हणतात, त्या वेगळ्या नोंदण्या. १२ लाखांसाठी हा संसार मोठा आहे. पुढची पिढी तो सांभाळेल का, हे आज घरात स्पष्ट विचारा. पुण्यात असे कितीतरी न्यास आहेत ज्यांचे शेवटचे विश्वस्तही आता हयात नाहीत, आणि ठेव बँकेत पडून आहे.

दुसरी वाट मला बरी वाटते. जिच्याकडे या नोंदण्या आधीच आहेत अशा एखाद्या शिक्षणसंस्थेला किंवा विज्ञानसंस्थेला रक्कम 'कायम निधी' म्हणून द्यायची. पैसे देताना सोबत लेखी पत्र हवंच: ही रक्कम मुद्दल म्हणून राहील, फक्त उत्पन्न खर्च होईल, आणि ते कशावर. हे पत्र नसेल तर रक्कम त्यांच्या सर्वसाधारण जमेत मिसळते आणि पुढे कोणाला दोष देऊन उपयोग नसतो. वेगळा करारही करा. त्यात तीन ओळी माझ्या आग्रहाने घाला. उत्पन्न सलग दोन वर्षं वापरलं नाही तर ते कुठे जाईल. दरवर्षी देणगीदार कुटुंबाला एक पानी हिशेब मिळेल. आणि हेतू जुना झाला तर तो कोण, कसा बदलू शकेल.

अटी जितक्या कमी तितका निधी जास्त जगतो. मी एका संस्थेचे हिशेब तपासत होतो. तिथल्या एका देणगीत अमुक तालुक्यातली, अमुक विषय घेतलेली, अमुक टक्के मिळवलेली मुलगीच हवी असं होतं. ११ वर्षं एकही मुलगी त्या चौकटीत बसली नाही. देणाऱ्याचा हेतू निर्मळ होता, पण पैसे कोणाच्याच कामी आले नाहीत.

आता गणित. १२ लाखांवर सात टक्के धरले तर ८४ हजार. ते सगळे वाटले तर तुमचा निधी भिंतीवरच्या त्या यादीच्याच वाटेने जाणार. दरवर्षी उत्पन्नाचा एक चतुर्थांश, म्हणजे २१ हजार, मुद्दलात परत घाला. राहिले ६३ हजार. तेवढ्यात दोन किंवा तीन कामं नीट होतील. दहा मुलांना सहा-सहा हजार देण्यापेक्षा दोघातिघांना पुरेसे द्या. अपुऱ्या पैशाने काम अर्धवट राहतं आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं.

---

पैलतीर | ८ एप्रिल, रात्री ११:३०

मुळाकाठ, मी तुमच्या ताईंना ओळखत नव्हतो, पण माझी आईही पुण्यात विज्ञान शिकवायची. मी अमेरिकेत आहे. इथे पदवीच्या मुलांना उन्हाळ्यात आठ-दहा आठवडे प्रयोगशाळेत काम आणि वर पोटापुरता पगार मिळतो. कितीतरी विद्यापीठांत ही सोय कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ चालते. मीही काही रक्कम घालू इच्छितो. कशी पाठवू?

---

हिशेबनीस | ९ एप्रिल, सकाळी ८:४५

पैलतीर, पासपोर्ट कोणता आहे त्यावर सगळं आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर तुमचे पैसे परकीय देणगी ठरत नाहीत, नेहमीच्या बँकमार्गाने द्या. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) असूनही तुम्ही कायद्याने 'परकीय स्रोत' होता. मग घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवेत. ती नोंदणी मागायलाही संस्था किमान तीन वर्षं जुनी लागते. नवा न्यास काढू नका म्हणतो त्याचं हेही एक कारण. 'पुण्यातल्या भावाच्या खात्यात टाकतो, तो पुढे देईल' हा मार्ग अजिबात धरू नका. त्याने संस्थेची नोंदणीच जाऊ शकते.

---

खडू-फळा | ९ एप्रिल, सायंकाळी ६:००

निवृत्त प्राध्यापक, वनस्पतिशास्त्र. मुळाकाठ, तुमच्या भगिनींशी अभ्यास मंडळाच्या बैठकांत दोनचारदा भेट झाली होती. फार थोडं बोलत, आणि बोलल्या की मुद्द्याचं.

पैलतीर यांनी उन्हाळ्याचं लिहिलं आहे, त्यावर जरा विस्ताराने लिहितो, कारण इथे आपण हमखास चुकतो. उन्हाळी संशोधन हे थंड प्रदेशांचं वेळापत्रक आहे. तिकडे मे ते ऑगस्ट हाच जीवसृष्टीचा भर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वेताळ टेकडीवर जा, गवत पिवळं, माती दगडासारखी. पुण्याच्या आजूबाजूच्या निसर्गाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. मृगाच्या पहिल्या सरींनंतर आठ-दहा दिवसांत जमिनीखालचे कंद डोकं वर काढतात. सड्यावरच्या (उघड्या कातळपठारावरच्या) कितीतरी वनस्पती तीन-चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होतात. कास ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलतं. बेडूक तेव्हाच, फुलपाखरं तेव्हाच, अळंब्या तेव्हाच. आणि नेमकी त्याच वेळी मुलं वर्गात बसून अंतर्गत परीक्षा देत असतात.

तेव्हा तुमचा निधी जून ते ऑक्टोबर असा चालवा. शनिवार-रविवारचा एस.टी.चा, डबाखर्चाचा, रेनकोटचा, वहीचा खर्च द्या. ज्यांचं काम प्रयोगशाळेतलं आहे त्यांना उन्हाळा द्या, सूक्ष्मजीव यांच्या मुलांसाठी तो योग्यच आहे. पण मैदानातल्या मुलांना पाऊस द्या.

प्रश्न कुठून आणायचे अशी चिंता करू नका. आपल्या टेकड्यांवर वर्षानुवर्षं गिरिपुष्प लावलं गेलं. परदेशी झाड, भराभर वाढतं. त्याच्या सावलीत खाली काय उगवतं, आणि शेजारच्या साळई-मोईच्या मोकळ्या रानात काय उगवतं? एक मीटरचा पीव्हीसी पाइपचा चौकोन, दोरी आणि वही एवढ्यावर बी.एस्सी.ची दोन मुलं हे मोजू शकतात. देवरायांचंच बघा. आघारकर संस्थेतले वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांवर १९७६ साली जो लेख लिहिला त्याचं नाव आजही निघतं. त्या कामाच्या मुळाशी गावोगाव पायी हिंडणं होतं.

आणि शंकर पुरुषोत्तम आघारकर स्वतः! वनस्पतिशास्त्रज्ञ माणूस, मुंबईत शिकवत असताना सह्याद्रीत भटकत होता आणि त्याला सापडला गोड्या पाण्यातला जेलीफिश. तोवर त्या जातकुळीचा जेलीफिश फक्त आफ्रिकेतून माहीत होता. आपण काय शोधायला निघालो आणि काय हाती लागेल हे आधी फॉर्मवर लिहिता येत नाही. म्हणून तुमच्या अर्जात 'अपेक्षित निष्कर्ष' हा रकानाही ठेवू नका.

एक सावधगिरी. अभयारण्यात काम असेल तर वनखात्याची परवानगी आधी, आणि ती मिळायला वेळ लागतो. भीमाशंकरला जाऊन शेकरू मोजतो म्हणणाऱ्या मुलाला जुलैत पैसे देऊन उपयोग नाही, त्याचं पत्र जानेवारीत जायला हवं. पदवीच्या मुलांना शहरातले, टेकडीवरचे, शेतातले विषय सुचवा. आणि पावसात रानात एकट्याने जायचं नाही. घोणस आपल्याकडे भरपूर आहे. बूट आणि अपघात विमा निधीतून द्या, त्यात काटकसर नको.

---

सूक्ष्मजीव | ९ एप्रिल, रात्री ८:२०

सर, 'अपेक्षित निष्कर्ष' नको याला शंभर वेळा अनुमोदन. माझ्याकडून आणखी एक. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची फी या निधीतून कधीही देऊ नका. प्रमाणपत्राच्या हव्यासाने दुसऱ्या वर्षाची मुलं अशा ठिकाणी हजारो रुपये भरताना बघितली आहेत, काही वेळा शिक्षकांच्याच सांगण्यावरून. त्याऐवजी मुलाने शेवटी आपल्या कामावर वीस मिनिटं मराठीत बोलावं अशी अट घाला. घरच्यांसमोर, शाळेतल्या मुलांसमोर, कुठेही. ज्याला आपलं काम आईला सांगता येतं त्याला ते कळलेलं असतं. आणि काही सापडलं नाही तर 'काही सापडलं नाही' हेही त्याने तितक्याच ताठ मानेने सांगावं.

---

दगडफूल | ११ एप्रिल, पहाटे ५:५०

आज धागा पहिल्यांदा पाहिला आणि 'ओएचपी शीट, १०' या ओळीपाशी थांबले.

मुळाकाठ काका, त्या शीट माझ्यासाठी होत्या. १९९८ सालच्या.

मी मॅडमची विद्यार्थिनी. तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते, वर्गात कधी तोंड उघडलं नाही. एक दिवस प्रॅक्टिकलला मॅडमनी दगडफूल टेबलावर ठेवलं आणि विचारलं, हे काय? मी म्हणाले, गोडा मसाला. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर. आता सांग, हे झाड आहे, बुरशी आहे की शेवाळ?" मला वाटायचं ते दगडावर येणारं फूलच. त्या म्हणाल्या की हा संसार दोघांचा आहे, बुरशीचा आणि शेवाळाचा. शेवाळ उन्हात अन्न तयार करतं, बुरशी घर देते आणि पाणी धरून ठेवते. १८६०च्या दशकात श्वेंडेनर नावाच्या शास्त्रज्ञाने हे मांडलं तेव्हा बड्या बड्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. याला मुळं नाहीत, जे काही घ्यायचं ते हवेतून. म्हणून हवेत गंधकाचा धूर वाढला की हे आधी मरतं.

मी विचारलं, मग स्वारगेटच्या झाडांवर असेल का? मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही. बघून ये."

एवढंच. माझ्या आयुष्यात शिक्षकाने 'मला माहीत नाही' म्हटल्याची ती पहिली वेळ.

ओएचपी शीटवर, म्हणजे प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर, आम्ही मार्करने एक सेंटीमीटरच्या चौकोनांची जाळी आखली, २० बाय २०. म्हणजे ४०० घरं. पाषाणपासून स्वारगेटपर्यंत आंब्याची बारा झाडं निवडली. सगळी आंब्याचीच, कारण सालीचा पोत बदलला की आकडे बदलतात. खोडावर छातीच्या उंचीला शीट धरायची, चारही दिशांना, आणि किती घरांत लायकेन, म्हणजे दगडफुलासारखी ही बुरशी-शेवाळाची जोडी, आहे ते मोजायचं. शीट धरायला माझा धाकटा भाऊ यायचा. लोक विचारायचे, एक्सरे काढताय का झाडाचा? पाषाणच्या झाडावर उत्तरेच्या बाजूला हिरवट-राखाडी पापुद्रे एकमेकांवर चढलेले, शीट पालथी घातली तरी मावायचे नाहीत. जसजसं गावात यावं तसतसे ते विरळ. स्वारगेटजवळच्या झाडावर मी अर्धा तास भिंग लावून उभी होते. चारशे घरं, सगळी रिकामी. काळा थर बोटाला लागला. त्या दिवशी मी बसमध्ये रडले आणि का ते मला सांगता आलं नाही.

आज मी संशोधनात नाही. एका शाळेत विज्ञान शिकवते. पण मुलांनी काही विचारलं की 'बघून ये' म्हणते.

काका, मॅडमकडे माझी वही होती. निळ्या कव्हरची. तुम्हाला दिसली का?

---

मुळाकाठ | ११ एप्रिल, सकाळी ७:०५

आहे. माझ्यासमोर आहे. पहिल्या पानावर 'झाड क्र. १, पाषाण, सुतारवाडीच्या वाटेवर' असं आहे आणि मागच्या पुठ्ठ्याला एक शीट चिकटवलेली आहे. त्यावरची जाळी अजून पुसलेली नाही.

---

बालाघाट | ११ एप्रिल, सकाळी ९:३०

ताई, ती बारा झाडं आज कशी असतील? तेव्हा डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण आजच्या शेकडो पट असायचं. २०२० पासून बीएस-६ हे धुराचं नवं मानक आलं, इंधनात गंधक दहा पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दहा भाग) खाली आलं. पण गाड्या कितीतरी पटींनी वाढल्या, नायट्रोजनची संयुगं आणि बांधकामाची धूळ वाढली. मग लायकेन परत आलं असेल, की दुसऱ्याच जाती आल्या असतील, की काहीच नसेल? तुमचे जुने आकडे हातात आहेत. तीच पद्धत, तीच झाडं. असं कितीजणांकडे असतं?

---

खडू-फळा | ११ एप्रिल, सकाळी १०:१५

मुळाकाठ, तुमच्या निधीचं पहिलं काम तुमच्या कपाटातच होतं. जाती ओळखायला मदत लागेल. आघारकर संस्थेत लायकेनचा मोठा नमुनासंग्रह आहे, तिथे विचारता येईल. झाडाला इजा करायची नाही, साल खरवडायची नाही, मोजायचं आणि फोटो घ्यायचे. नमुना हवाच असेल तर खाली पडलेल्या फांदीवरचा घ्यायचा.

---

मुळाकाठ | २२ जून, रात्री १०:००

मधले दोन महिने कागदपत्रांत गेले. हिशेबनीस यांनी करार तीनदा वाचून दिला, फी घेतली नाही.

जे ठरलं ते असं. १० लाख एका संस्थेकडे कायम निधी म्हणून दिले, पत्र आणि करारासह. उत्पन्नाचा चौथा हिस्सा मुद्दलात परत. उरलेले २ लाख मी वेगळे ठेवले आहेत. ते पहिल्या दोन-तीन वर्षांत खर्च करायचे, म्हणजे व्याजाची वाट बघत पहिल्या मुलांचा पाऊस वाया जायला नको. अर्ज एका पानाचा, मराठीत किंवा इंग्रजीत: तुला काय प्रश्न पडलाय, तो का पडला, काय करून बघणार, किती पैसे लागतील. टक्के नाहीत, अपेक्षित निष्कर्ष नाहीत. मार्गदर्शक शिक्षकाची एक सही. राहण्या-जेवणाचा खर्च मागता येईल, तो मागायला लाजायचं नाही असं मी अर्जावरच छापून घेतलं आहे. संस्थेतल्या एका गृहस्थांनी ते वाक्य काढायला सांगितलं होतं. मी काढलं नाही.

अर्ज नऊ आले, त्यांतली तीन कामं निवडली. एक मुलगा हडपसरकडच्या उसाच्या शेतातल्या मातीतून फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू वेगळे करणार आहे. दोन मुली मिळून गिरिपुष्पाखालची आणि साळईखालची रोपं मोजणार आहेत, खडू-फळा सरांचा चौकोन त्यांनी पाइप कापून तयारही केला. आणि तिसरं काम पहिल्या वर्षातून दुसऱ्यात गेलेल्या एका मुलीचं. तिने लायकेनचं काम मागितलं आहे. अर्जात लिहिलं आहे, 'माझी आई मसाले विकते. दगडफुलाचा भाव वाढला की ती म्हणते जंगल कमी झालं. मला ते खरं आहे का बघायचं आहे, पण आधी पुण्यातलं बघते.'

निकाल सांगायला तिला फोन केला तेव्हा ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, "आजोबा, रेनकोट घेतला तर चालेल का यातून?"

बालाघाट, तू आता एम.एस्सी.ला आहेस, निधीत बसत नाहीस. पण या तीन कामांच्या निवडीला तू समितीवर बसलास त्याबद्दल ऋणी आहे. टक्क्यांचं कोणीतरी बोललंच, आणि तू जे उत्तर दिलंस ते मी विसरणार नाही.

---

दगडफूल | २३ जून, पहाटे ५:४०

काका, शनिवारी मी आणि भाऊ सगळी झाडं बघून आलो. बारापैकी सात उभी आहेत. चार रस्तारुंदीत गेली, एक वाळलंय. स्वारगेटचं आहे! मोजलं नाही, मुद्दाम जवळही गेले नाही. ते त्या मुलीने पहिल्यांदा बघावं.

रविवारी सकाळी सात वाजता पाषाणच्या पहिल्या झाडापाशी येते. सुतारवाडीकडे जाताना डावीकडे आता दुकानं झालीत, त्यांच्या मागे आहे ते. तिला सांगा, पाऊस असला तर ओल्या खोडावर मोजू नकोस, ओलं लायकेन फुगतं आणि रंगही बदलतो. उघडीप होऊन साल वाळली की मोजायचं. आम्ही तेव्हा सगळी मोजणी कोरड्या खोडावर केली होती, ते वहीत लिहायचं राहून गेलं असेल.

ओएचपी शीट आता कुठे मिळत नाही. प्लॅस्टिकचं जाड पारदर्शक फाइल-कव्हर कापून जाळी आखली आहे, चारशे घरं. जुनी शीट तुम्ही घेऊन या, दोन्ही एकावर एक ठेवून चौकोन जुळतात का तेवढं आधी तपासू.